सॉइल ब्लॉकर : रोप उपटायचंच नाही, ठोकळ्यासकट उचलायचं

गेल्या हंगामात मी काकडीची २२ रोपं ट्रेच्या कप्प्यांतून काढून मोठ्या कुंड्यांत लावली. त्यांपैकी १४ रोपांनी तीन दिवसांत माना टाकल्या. पाणी वेळेवर होतं, सावलीही होती. चूक काढताना झाली होती. कप्प्याखालून बोट घालून ढकलताना माती भुसभुशीत होऊन झडली आणि मुळं उघडी पडली. रोप पाणी पितं ते मुख्यतः मुळाच्या टोकाजवळच्या बारीक केसांतून. एकेका पेशीची ती लांबट वाढ असते, माती हलली तरी तुटते. खाली केस तुटलेले आणि वर पानं आधीइतकंच पाणी मागतायत, म्हटल्यावर रोप कोमेजणारच. टोमॅटो, वांगी, कोबी हा धक्का पचवतात. काकडी, दोडका, भोपळा यांना तो फार जड जातो.

म्हणून या वेळी सॉइल ब्लॉकर घेतला. मातीचे ठोकळे पाडायचा हा हातातला साचा. खाली चौकोनी खण, वर मूठ आणि मध्ये स्प्रिंग. ओल्या मिश्रणात दाबून खण गच्च भरायचे, पसरट ट्रेवर टेकवायचे आणि मूठ दाबत साचा वर उचलायचा. खाली ठोकळे उभे राहतात. कुंडी नाही, पिशवी नाही, कप्पा नाही. रोप कशातून काढायचा प्रश्नच उरत नाही.

माझ्याकडे दोन साचे आहेत, एक २ सेंटिमीटरचे ठोकळे पाडणारा आणि दुसरा ५ सेंटिमीटरचे. मोठ्याच्या दट्ट्यांना (मूठ दाबली की ठोकळा खणाबाहेर ढकलणारे भाग) चौकोनी खुंट्या बसवता येतात, त्यामुळे मोठ्या ठोकळ्याच्या डोक्यावर बरोबर छोटा ठोकळा बसेल एवढा खळगा पडतो. टोमॅटोचं बी छोट्यात रुजवलं. बीजपत्रं, म्हणजे बी रुजल्यावरची पहिली दोन पानं, उघडल्यावर तो ठोकळा सुरीच्या पात्यावर उचलून मोठ्याच्या खळग्यात ठेवला. दाबायची गरज नाही, वरून पाण्याची हलकी फवारणी पुरते. बदली झाल्याचं रोपाला कळलं नसावं, इतकं ते दुसऱ्या दिवशी ताठ होतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ट्रेसमोरून बराच वेळ उठले नाही.

दुसरा फायदा मला आधी माहीत नव्हता. प्लॅस्टिकच्या कप्प्यात मूळ भिंतीला आपटतं, वळतं आणि गोल गोल फिरत राहतं. ठोकळ्याला भिंतच नसल्यानं मुळाचं टोक कडेला हवेत येतं, तिथे सुकून थांबतं, आणि मागे नवे फाटे फुटतात. मोठ्या कुंडीत गेल्यावर हे सगळे फाटे एकदम नव्या मातीत शिरतात. मात्र त्यासाठी दोन ठोकळ्यांत बोटभर जागा सोडावी लागते. पहिल्या खेपेला मी ते खेटून ठेवले होते, तर मुळं शेजारच्या ठोकळ्यात घुसली आणि वेगळे करताना तुटली. ज्यासाठी साचा घेतला, तेच हातचं गेलं.

आता अडचणी. खरी कसोटी मिश्रणाची आहे. साच्यासोबत आलेल्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ होती, आणि पहिले सगळे ठोकळे माझ्या डोळ्यांसमोर ढासळले. कुंडीत भरतो त्यापेक्षा हे मिश्रण बरंच ओलं लागतं. मुठीत दाबलं की बोटांच्या फटींतून पाणी गळलं पाहिजे. माझं जमलेलं प्रमाण असं : ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग चाळलेलं गांडूळखत, १ भाग बागेची माती. नुसत्या कोकोपीटचा ठोकळा धरत नाही, खत आणि माती त्याला बांधतात. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात क्षार असू शकतात आणि कोवळी मुळं त्यानं करपतात. काथ्याचे लांब धागे चाळून टाका, नाहीतर ते दट्ट्यात अडकतात आणि ठोकळ्याचा कोपरा तुटतो.

पाणी नेहमी खालून, ट्रेमध्ये ओतूनच द्यावं. झारीनं वरून दिलं की कडा वाहून जातात. २ सेंटिमीटरचा ठोकळा तर उन्हाच्या दिवसांत सकाळी ओला, दुपारी कोरडा, आणि एकदा कोरडा पडला की पाणी सहज धरत नाही. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना छोटा साचा मी सुचवणार नाही. मनगट दुखत असेल तर मोठाही आधी हाताळून पाहा, स्प्रिंग चांगलीच कडक आहे.

मोठ्या कुंडीत हलवताना मी असं करते. दोन-तीन तास आधी ठोकळ्यांना पाणी पाजते. नव्या कुंडीत ओलसर माती भरून त्यात ठोकळ्याच्या बरोबर मापाचा खड्डा करते. ठोकळा तळहातावर घेऊन त्यात सोडते आणि कडेची माती बोटानं नुसती सारते, ठोकत नाही. धरायची वेळ आलीच तर पानाला धरते. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप गेलं. टोमॅटो बीजपत्रांपर्यंत खोल लावते, कारण त्याच्या गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. काकडी मात्र ठोकळ्यात होती त्याच पातळीवर. कुंडी एकदम मोठी घेत नाही, मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून कुजते. मग चार दिवस सावली.

यापूर्वी काथ्याच्या कुंड्याही वापरल्या आहेत, ज्या रोपासकट मातीत पुरायच्या. त्यांची भिंत माझ्याकडे तीन महिन्यांनीही शाबूत निघाली आणि मुळं आतच घुटमळलेली. कड मातीवर राहिली तर ती वातीसारखं पाणी ओढून हवेत घालवते. वापरणार असाल तर तळ फाडा आणि कड पूर्ण गाडा.

या वेळच्या काकडीचा हिशेब : ५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांत थेट बी, बीजपत्रांनंतरची दोन खरी पानं आल्यावर हलवली २० रोपं, जगली १९. गेलेलं एक गोगलगायीनं खाल्लं.

एकच घ्यायचा असेल तर ५ सेंटिमीटरचा घ्या, आणि चौकोनी खुंट्या सोबत मिळतात का ते आधी विचारा. मला त्या वेगळ्या मागवाव्या लागल्या. मिरची-वांग्याची चार-सहा रोपं एवढीच हौस असेल तर साधा ट्रे पुरे आहे. वेलभाज्या लावणाऱ्यांनी मात्र हा घ्यावाच. काम झालं की लगेच धुऊन उलटा वाळत ठेवा. माझ्या छोट्या साच्याची स्प्रिंग एका हंगामात गंजायला लागली आहे, मोठ्याची अजून ठणठणीत आहे.