डिजिटल व्हर्नियर, 150 मिमी: हिंगण्याच्या मशीन शॉपमधली उन्हाळी इंटर्नशिप आणि पुढचे काही महिने

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप मिळाली असेल, तर सेफ्टी शूजनंतरची दुसरी खरेदी डिजिटल व्हर्नियर, म्हणजे लांबी-व्यास मोजायचं सरकत्या जबड्याचं साधन, हीच असावी. हा अनुभव हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या, स्टील बॉडीच्या, 0.01 मिमी दाखवणाऱ्या साध्या डिजिटल व्हर्नियरचा आहे. मे-जून सीएनसी लेथच्या शेजारी, नंतर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, असा वापर झाला. निकाल आधीच सांगून टाकतो: शिकायला उत्तम, जॉब (मशीनवर बनणारा भाग) पास-नापास करायला नाही. प्लॅस्टिक बॉडीचा स्वस्त मिळतो, पण जॉ (मोजताना पकडणारे जबडे) दाबले की वाकतात. तो घेऊच नका.

स्क्रीनवर 0.01 दिसतं म्हणून मोजमाप तेवढं अचूक असतं असं नाही. या वर्गातल्या व्हर्नियरची चूक ±0.03 मिमीपर्यंत धरून चालायची. आता ड्रॉइंगवर 25 H7 चा बोअर (25 मिमीचं छिद्र, H7 हा त्याच्या अचूकतेचा दर्जा) आहे समजा. त्याची मर्यादा 25.000 ते 25.021, म्हणजे अख्खा टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) 0.021 मिमी. इथे व्हर्नियर घालून बोअर ओके म्हणणं आणि डोळ्यांनी बघून ओके म्हणणं यात फार फरक नाही. तिथे छिद्र तपासायचा प्लग गेज किंवा बोअर गेजच लागतो. एकूण लांबी, स्टेप, चॅम्फर (तिरपी कापलेली कड), कच्च्या बारचा व्यास, ±0.1 किंवा त्याहून ढिले टॉलरन्स, एवढ्यासाठी व्हर्नियर बिनधास्त वापरा. त्याखाली गेलं की मायक्रो (मायक्रोमीटर) मागून घ्या. आणि कंपनीच्या इन्स्पेक्शन शीटवर तुमच्या व्हर्नियरचं रीडिंग जाणार नाही, कारण त्यावर कॅलिब्रेशनचा स्टिकर नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका, नियम बरोबर आहे.

नव्या हाताची सगळ्यात मोठी गडबड म्हणजे अंगठ्याचा दाब. व्हर्नियरमध्ये स्केल एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत असतो. जोरात दाबलं की सरकता जॉ किंचित तिरपा होतो, आणि टोकाशी धरलेल्या जॉबवर ती चूक आणखी वाढते. मायक्रोमध्ये दोन्ही एकाच रेषेत असल्याने हा त्रास जवळपास नसतो. तपासायची रीत सोपी आहे: एकच पिन आधी जॉच्या मुळाशी, मग टोकाशी मोजा. फरक 0.02 च्या वर गेला तर स्लायडर ढिला आहे. स्लायडरच्या वरच्या कडेला दोन बारीक ग्रब स्क्रू असतात. घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने ते हलके टेकेपर्यंत कसायचे, मग प्रत्येकी साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्यायचे. स्लायडर पूर्ण लांबीभर सारखा सरकला पाहिजे, मध्येच अडकता कामा नये. नव्या नगातही हे स्क्रू ढिले निघतात, तेव्हा दुकानातच बघून घ्या. जॉ बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा. एका टोकाला उजेडाची फट दिसली तर दुसरा नग मागा.

आता नागपूरचा खरा प्रश्न, ऊन. मोजमापाचं जागतिक संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस, आणि नवतप्यात (मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांत) शेडमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. स्टील दर अंशाला, दर मीटरला साधारण 11.5 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढतं, ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट, 23. जॉब स्टीलचा, व्हर्नियर स्टीलचा आणि दोन्ही 45 अंशांवर असतील तर चूक बरीचशी एकमेकांत जिरते. पण 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब त्याच गरमीत व्हर्नियरवर सुमारे 0.03 मिमी मोठा दिसणार. हे गणित रिपोर्टमध्ये टाका, व्हायव्हाला कामी येतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. चकमधून (जॉब धरणाऱ्या मशीनच्या पकडीतून) नुकताच निघालेला 50 मिमीचा शाफ्ट मोजायच्या साधनापेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर तो जवळपास 0.009 मिमी मोठा भरतो. शाफ्टच्या h6 दर्जाचा टॉलरन्सच तिथे 0.016 आहे. व्हर्नियरला हे कळत नाही, मायक्रोला कळतं. मशीन लावणाऱ्या सेटरने तेवढ्यावर वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेची दुरुस्ती) दिला की जॉब गार झाल्यावर अंडरसाइज निघू शकतो, आणि मग इन्सर्टला (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याला) शिव्या बसतात. एसी क्वालिटी रूममध्ये नेल्याबरोबर मोजण्यातही अर्थ नाही. सरफेस प्लेटवर तासभर राहू द्या, जाड जॉब त्याहून जास्त.

गरमीचा मार उपकरणावरही बसतो. कॅटलॉगमध्ये वापराची मर्यादा साधारण 40 अंश दिलेली असते. स्कूटीच्या डिकीत दुपारभर राहिला तर स्क्रीन काळी पडते. गार झाल्यावर बहुधा परत येते, सेल मात्र लीक होऊ शकतो. शेडमधल्या डेझर्ट कूलरसमोरही ठेवू नका. ओलसर हवा आणि घामट बोटं मिळून जॉवर गंजाचे ठिपके उठतात. शिफ्ट संपल्यावर कोरड्या कापडाने पुसून मशीन ऑइलचा अगदी पातळ हात, बस.

सेलची तक्रार सगळेच करतात, आणि ती खरी आहे. स्वस्त मॉडेलमध्ये ऑफ केल्यावर फक्त स्क्रीन बंद होते, आतलं सर्किट चालूच राहतं. वरून सोबत येणारा LR44 अल्कलाइन असतो. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरतो आणि आकडे लुकलुकायला लागतात. SR44 सिल्व्हर ऑक्साइड घाला, तो शेवटपर्यंत टिकून राहतो. सुट्टीत सेल काढूनच ठेवा. आकडे उड्या मारत असतील तर सेल बदलण्याआधी स्केल बघा, कूलंटचा थर साचलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. थिनर नको, स्केलची पट्टी सुटते. एअर गनही नको, चिप्स स्लायडरच्या आत जातात.

बाकी किरकोळ: मोजण्याआधी बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढा, दर वेळी झिरो बघा. 5 मिमीखालच्या छिद्रात आतले जॉ कमी दाखवतात, कारण त्यांची धार सपाट असते. डेप्थ रॉड कोपऱ्यातल्या रेडियसवर चढला की खोली कमी येते. फिरत्या चकवर व्हर्नियर लावणारे लोक दिसतील. ते बघून शिकू नका.

इंटर्नशिपचा प्रोजेक्ट सुचत नसेल तर गेज आर अँड आर (पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या हातांनी मोजल्यावर माप किती बदलतं, याचा अभ्यास) करा. 10 जॉब, 3 ऑपरेटर, प्रत्येकी 3 वेळा, म्हणजे 90 रीडिंग. जॉब ओळीने निघालेले घेऊ नका, वेगवेगळ्या शिफ्टचे घ्या. नाहीतर जॉबमधला फरकच कमी पडतो आणि टक्का (एकूण फरकातला मोजणीचा वाटा) उगाच फुगतो. नंबर लपवा, क्रम बदलत राहा, आधीचं रीडिंग ऑपरेटरला दिसू देऊ नका. 10 टक्क्यांखाली चांगलं, 10 ते 30 परिस्थिती बघून, त्यावर नापास. ±0.05 च्या मापावर हा व्हर्नियर टॉलरन्सच्या हिशोबाने 30 च्या पुढे गेला तर नवल नाही. तोच अभ्यास मायक्रोने पुन्हा करून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा. एवढं एका आठवड्यात होतं, फक्त ऑपरेटरांचा वेळ लंचनंतर नाही, शिफ्ट सुरू होताना मागा.