लीछुन ते आजपर्यंत: चिनी ऋतुचर्येचे आठ महिने

फेब्रुवारीत, लीछुनला (चिनी पंचांगातला वसंताचा पहिला दिवस) सुरू केलं, आता ऑक्टोबर. शांघायमध्ये राहून चिनी वैद्यकाप्रमाणे 'वसंत सांभाळायचा' प्रयोग करून पाहिला. त्यात काय टिकलं, काय सुटलं आणि पैसे कुठे वाया गेले, ते लिहिते. मी डॉक्टर नाही. सेहेचाळिशीची, मूळची कोल्हापूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे, थायरॉइडची गोळी रोज घेते. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सुरुवात झाली ती झोपेपासून. जानेवारीभर रोज रात्री अडीचच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे. डोकं जड, चिडचिड इतकी की लेक माझ्याशी बोलण्याआधी बाबांकडे चौकशी करायची. शेजारच्या आयी म्हणाल्या, एक ते तीन ही यकृताची वेळ, तुझं यकृत तापलंय. (मँडरिनमध्ये मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. पहिल्या वर्षी हाक मारताना प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकायचं.) त्यांच्याच आग्रहाने चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली आणि निदान तेच केलं: यकृताची 'ची' (शरीरात फिरणारी प्राणशक्ती) कोंडली आहे, वसंत येतोय, आत्ता सांभाळलं नाहीत तर वर्षभर त्रास होईल.

इथे एक खुलासा. चिनी वैद्यकातलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे. ते लाकूड या तत्त्वाचं, वाऱ्याचं, हिरव्या रंगाचं, डोळ्यांचं, स्नायुबंधांचं आणि रागाचं घर. रागीट माणसाला तिथे 'यकृतात आग' असते. सुरुवातीला हसू आलं, मग आपलंच 'काळीज' आठवलं. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृतच तोलून देतो, आणि लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. चिनी माणूस लाडक्याला 'शिन-गान' म्हणतो, म्हणजे हृदय-यकृत. त्यानंतर मी या भाषेवर हसणं सोडलं. त्यातलं सगळं खरं मानते असं मात्र नाही.

त्यांचा वसंत पंचांगाने चालतो. सूर्याच्या गतीवरून वर्षाचे २४ भाग पाडलेत (२०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत त्यांचा समावेश झाला), त्यांपैकी सहा वसंताचे: लीछुन, युश्वे, जिंगज, छुनफेन, छिंगमिंग, गुयू. यंदा, म्हणजे २०२५ साली, लीछुन ३ फेब्रुवारीला होता. वसंताचा पहिला दिवस, आणि घरात दोन स्वेटर घालून बसलेली मी! शांघायच्या इमारतींना उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नाही. थंडी भिंतींतून ओलसर झिरपते.

पहिला नियम आला तो कपड्यांचा, आणि आठ महिन्यांनंतर सांगते, सगळ्यांत जास्त उपयोगी तोच निघाला. 'छुन वू', म्हणजे वसंतात अंग झाकूनच ठेवा, गरम कपडे उतरवायची घाई करू नका. त्यातही खालून जाड, वरून पातळ: पाय, पोटऱ्या, कंबर उबेत, वरचं हळूहळू कमी करा. मार्चमध्ये इथे एक दिवस पंचविसावर पारा, दुसऱ्या दिवशी आठावर. दरवर्षी पहिलं ऊन पडलं की मी थर्मल पेटीत टाकायचे आणि आठवड्याने शिंकत बसायचे. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पायमोजे आणि आतली विजार सोडली नाही. सर्दी झाली नाही. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. पण फुकटातला उपाय आहे.

दुसरी गोष्ट, गरम पाण्यात पाय. घडी होणारा उंच टब १२९ युआनला घेतला, साधारण दीड हजार रुपये. पाणी चाळीस अंशांच्या आसपास, घोट्याच्या वर चार बोटं, पंधरा ते वीस मिनिटं, कपाळावर बारीक घाम आला की थांबायचं. जेवणानंतर लगेच नाही. पाण्यात 'आय-ये' या औषधी पाल्याची पुरचुंडी. पहिल्या रात्री पुरचुंडी पाण्यात पडली, वाफ आली आणि मी थेट जोतिबाच्या डोंगरावर! चैत्र यात्रेत वाहतात त्या दवण्याचा वास, थोडा कडवट, थोडा धुरकट. नंतर शोधलं तर दोन्ही झाडं आर्टेमिसिया या एकाच गटातली निघाली. टब चांगला की वाईट म्हणाल तर प्लॅस्टिक बरं आहे, पण घडीच्या खाचांत काळी बुरशी धरते, दर आठवड्याला व्हिनेगरने घासावं लागतं. आधी पाणी तापवणारा मशिनवाला टब घेणार होते. आयींनी हाणून पाडलं. म्हणाल्या, पाणी गार व्हायला लागलं की उठायचं, हेच तर घड्याळ आहे.

त्यांची आणखी एक अट होती, पाय पाण्यात असताना फोन नाही. झोप सुधारली ती आय-येमुळे, उबेमुळे की रात्री साडेदहाला वीस मिनिटं फोन हातात नसल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. तीन आठवड्यांत अडीचचं जागं होणं कमी झालं एवढं खरं. मध्यंतरी काही दिवस साडेतीनला जाग यायला लागली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तीन ते पाच फुप्फुसांची वेळ. म्हणजे माझं घड्याळ तासाभराने सरकलं आणि दुखणं दुसऱ्या अवयवाच्या नावावर चढलं! या शास्त्राची हीच गोष्ट मला खटकते. उत्तर नेहमी तयार असतं.

सासूबाईंना फोनवर टबाचं कौतुक सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच 'माझ्यासाठीही आण' म्हटलं. मी नाही म्हटलं. त्यांना मधुमेह आहे, तळपायांना संवेदना कमी. अशा माणसाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. चिनी डॉक्टरही हेच बजावतात.

तिसरं, बादुआनजिन. आठ हालचालींचा जुना व्यायाम. २००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने त्याची प्रमाण आवृत्ती काढली, सगळं मिळून बारा-एक मिनिटांचं. सोसायटीच्या बागेत सकाळी साडेसहाला आयींची टोळी असते, त्यांत जाऊन उभी राहिले. पहिली हालचाल दोन्ही हात आभाळाला टेकवण्याची, दुसरी धनुष्य ताणण्याची. सातवी यकृतासाठीची: घोडेस्वारासारखं बसून मुठी आवळायच्या आणि डोळे वटारून समोर बघायचं. राग घालवायला राग आणायचा! लेकीने व्हिडिओ काढला, 'आई रोज हेच करते, फक्त मुठी नवीन आहेत' असं म्हणून बाबांना पाठवला. पण आखडलेला डावा खांदा जूनपर्यंत मोकळा झाला. कमरेचा ताठरपणाही गेला. उन्हाळ्यातही हे सोडलेलं नाही, आणि सोडेनसं वाटत नाही.

'ह्वांगदी नेइजिंग' या पुरातन वैद्यकग्रंथात वसंतासाठी सांगितलंय की रात्री उशिरा झोपा, पहाटे लवकर उठा, केस मोकळे सोडून अंगणात लांब फेरी मारा, द्या पण हिरावू नका, बक्षीस द्या पण शिक्षा करू नका. उशिरा म्हणजे हिवाळ्यापेक्षा जरा उशिरा. डॉक्टरीणबाई तर अकराच्या आत झोपा म्हणतात. लेकीने मात्र 'उशिरा झोपा' आणि 'शिक्षा करू नका' एवढंच लक्षात ठेवलं.

आता पोटात घ्यायच्या गोष्टी, आणि इथून माझा सूर बदलतो.

नियम असा: वसंतात आंबट कमी, गोड जास्त. थांग राजवटीच्या काळातले वैद्य सुन सिम्याओ यांचा तो सल्ला. आंबट यकृताला बळ देतं, ते आधीच जोरात असतं आणि पचनाच्या प्लीहेवर कुरघोडी करतं, म्हणून गोडाने प्लीहेला सांभाळा. गोड म्हणजे साखर नव्हे, तर सुरणासारखा शान्याओ कंद, लाल खजुरासारखी फळं, भात. आपल्या आयुर्वेदात वसंत म्हणजे कफ पातळ होऊन उसळायचा काळ, म्हणून गोड, आंबट, जड सगळंच टाळा, दुपारची झोपही नको. आंबटावर दोघांचं एकमत, गोडावर उभा दावा. मी आमटीतलं आमसूल निम्मं केलं. नवऱ्याने तीन दिवस सहन केलं, चौथ्या दिवशी स्वतः आमटी केली.

भाज्या मात्र मजेच्या. लसणाच्या पातीसारखी चपटी ज्यौत्साय अंड्यात घालून, मालानतोउ नावाची कडसर पालेभाजी टोफूबरोबर बारीक चिरून, आणि श्यांगछुन नावाच्या झाडाचे तांबूस कोंब. हे कोंब गुयूच्या (वसंताच्या शेवटच्या भागाच्या) आधी कोवळे असतानाच खायचे, नंतर लाकूड होतात. उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय खाऊ नका, त्यांत नायट्राइट बरंच असतं. वास कुणाला स्वर्गीय वाटतो. आमच्या घरात मत पडलं: गॅसगळतीचा.

३० मार्चला पाडवा होता. कडुलिंब इथे कुठला, कोल्हापुराहून आणलेली वाळकी पानं गुळात चुरून खाल्ली. दुसऱ्या दिवशी दारावर टकटक. चिनी पंचांगातली तिसऱ्या महिन्याची तीज. आयी मूळच्या वुहानच्या, त्यांच्याकडे त्या दिवशी जीत्साय नावाच्या रानभाजीत उकडलेली अंडी खातात. वर्षभर डोकं दुखत नाही म्हणे. मी त्यांना उरलेलं कडुलिंब-गूळ दिलं. त्यांनी चावलं, तोंड वाकडं केलं आणि 'यकृताला उत्तम' असं प्रमाणपत्र देऊन टाकलं.

शेवंतीचा चहा रोज प्याले, कारण एप्रिलमध्ये इथल्या चिनार रस्त्यांवरून पिवळा भुसा उडतो आणि माझे डोळे आगीसारखे होतात. चहा चवीला छान. डोळ्यांना शून्य उपयोग. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने दिलेले ॲलर्जीचे थेंब घातले, दोन दिवसांत थांबलं. काहींना शेवंतीचीच ॲलर्जी असते, तेही बघा.

आणि काढा. डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवसांचा काढा दिला. इथे रुग्णालयच उकळून, प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांत भरून, कुरिअरने घरी पाठवतं. सोय अफलातून, चव भिजलेल्या सागवानी कपाटाची. पाचव्या दिवशी पोट बिघडलं, सातव्या दिवशी मी थांबवला. त्यांनी थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं, माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्र मी विचारलंच नव्हतं. चूक माझी. उरलेल्या पिशव्या दोन महिने फ्रीजमध्ये होत्या, मग ओतून दिल्या.

याहून वाईट अनुभव रस्त्यावरच्या एका औषधी दुकानातला. केस गळतात म्हटल्यावर विक्रेतीने 'यकृत आणि केसांसाठी' म्हणून हशौवू नावाच्या मुळीच्या गोळ्या पुढे केल्या, साडेतीनशे युआनच्या. मी घेतल्या. घरी येऊन वाचलं: याच मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, खुद्द चीनच्या औषध नियंत्रकांनी सावध केलंय. यकृत सांभाळायला निघालेली मी, यकृतच गमावून बसले असते! उघडलेलं खोकं परत घेत नाहीत. कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, गर्भ असेल, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर कुठलीही पुडी तोंडात टाकण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. गर्भवतीने बोटांनी बिंदू दाबायचे (ॲक्युप्रेशरचे) प्रयोगही मनाने करू नयेत.

बिंदूंवरून आठवलं, पायावर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या खळग्यात ताइछोंग हा यकृताचा बिंदू. टबातून पाय काढल्यावर तो दोन-दोन मिनिटं दाबते. पहिल्यांदा दाबला तेव्हा ओरडले होते. चिडचिड कमी झाली का? घरच्यांना विचारलं. नवरा म्हणाला 'हो' आणि लगेच विषय बदलला.

हिशेब सांगायचा तर टब, पुरचुंड्या आणि बाग मिळून दोनशे युआनही गेले नाहीत, आणि हे तिन्ही अजून चालू आहेत. काढा, गोळ्या, तपासण्या, वाळवलेली फुलं यांत हजारावर गेले. त्यातला उरला तो फक्त शेवंतीचा चहा, तोही चवीसाठी.

जुलैत कोल्हापूरला गेले तेव्हा आईने चैत्रातला वाळवून ठेवलेला दवणा कागदात बांधून दिला. परत आल्यावर आयींना नेऊन दाखवला. त्यांनी पुडी नाकाशी धरून डोळे मिटले, बराच वेळ धरली. मग विचारलं, हा चहात घालायचा की पाण्यात?

पाण्यात, म्हटलं.