जुन्या स्कॉर्पिओला बसवलेला वापरलेला हूक आणि लांबीखाली (पुट्टीखाली) झाकलेला सांधा

माझ्याकडे २००८ सालची स्कॉर्पिओ आहे. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ मध्ये, परिवहन कार्यालयात रीतसर तपासणी करून मी तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि तेव्हापासून नागपूर ते काटोल तालुक्यातील आमचे शेत एवढाच तिचा मुख्य प्रवास उरला. आमच्या संत्र्याच्या दोन बागा एकमेकींपासून सुमारे चार किलोमीटर दूर आहेत. फवारणीचा पंप आणि ५०० लिटरची टाकी बसवलेला दोन चाकी ट्रेलर एका बागेतून दुसऱ्या बागेत नेण्यासाठी दरवेळी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची वाट पाहावी लागे, आणि आंबिया बहाराच्या फळांवर फवारणी करायची वेळ आली की गावातील सगळेच ट्रॅक्टर गुंतलेले असतात. म्हणून आपल्याच गाडीला मागे हूक बसवावा असे ठरवले. नवा हूक बसवणावळीसह सोळा हजारांना पडेल असे एका ठिकाणी सांगितले गेले. त्याच आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर ‘स्कॉर्पिओचा कंपनी हूक, अपघाती गाडीवरून काढलेला’ अशी जाहिरात साडेसात हजारांना दिसली, आणि येथून माझी चूक सुरू झाली.

विक्रेता बोलायला अतिशय गोड होता. हूक ज्या गाडीवरून काढला तिचा क्रमांक त्याने न विचारताच पाठवला. तो एमएच-३१ मालिकेतला, म्हणजे नागपूर शहराचाच असल्याने मला उगाचच आपलेपणा वाटला. एवढी माहिती आपणहून देणारा माणूस खोटे कशाला बोलेल, असे मी स्वतःला सांगितले आणि तो क्रमांक तपासून पाहिला नाही. त्याने अट मात्र एकच घातली. हूक कामठी रोडवरच्या त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्येच बसवून घ्यायचा. तेथे बसवला तर एका वर्षाची हमी, अन्यत्र बसवला तर त्याची काहीही जबाबदारी नाही. ही अट मला तेव्हा काळजीची खूण वाटली. प्रत्यक्षात सगळी फसवणूक त्या एका अटीवर उभी होती, कारण त्यामुळे हूक गाडीला लागण्यापूर्वी तिसऱ्या कोणाच्याही नजरेस पडणार नव्हता.

मे महिन्यातील दुपार होती. त्या उन्हात नागपुरात कोणी स्वखुशीने गाडीखाली झोपून पाहत नाही, आणि मीही पाहिले नाही. माझ्यासाठी उसाचा रस मागवण्यात आला, पंखा माझ्याकडे वळवण्यात आला आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. हूक काळ्या रंगात चकचकीत दिसत होता. तो ताजा रंगवलेला आहे हे कळत असूनही, गंज लागू नये म्हणून दिला असेल असे मी गृहीत धरले. मध्येच गॅस कटरचा आवाज आल्यावर मी उठून विचारले, तेव्हा ‘भाऊ, जुन्या चेसिसचे होल थोडे मोठे करा लागतात’ असे उत्तर मिळाले. काम संपल्यावर गॅरेजमधील दोन पोरे हुकावर उभी राहिली आणि अक्षरशः नाचली. मालक म्हणाला, ‘गाडी मोडन, पण हूक नाही मोडनार.’ या प्रात्यक्षिकाने मी भारावलो, हे आज लिहितानाही लाज वाटते. साडेसात हजार हुकाचे आधीच पाठवले होते. बसवण्याचे साडेतीन हजार आणि ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरिंगचे दीड हजार तेथील क्यूआर कोडवर भरले. बिल मागितले नाही.

पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या टाकीने झाल्या. तिसऱ्या फेरीत टाकी भरलेली होती, म्हणजे ५०० किलो पाणी आणि लोखंडी सांगाडा, पंप, इंजिन मिळून आणखी दोनेकशे किलो. दोन बागांमधल्या रस्त्यावर एक बसका मोरीपूल आहे. त्यावर गाडीचे मागचे चाक उतरताच खालून कडाक् असा आवाज आला, ट्रेलरचे तोंड हुकावरून सुटले आणि जमिनीवर आदळले. वेग जेमतेम वीस होता आणि आमच्या सालदाराने ट्रॅक्टरच्या सवयीने ट्रेलरची साखळी गाडीच्या मूळ टोइंग कडीला अडकवून ठेवली होती, म्हणून ट्रेलर मागे घरंगळला नाही. मागून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. गॅरेजवाल्याने साखळीचा विषयसुद्धा काढला नव्हता.

हूक उतरवून मी हिंगणा एमआयडीसीतील एका ओळखीच्या फॅब्रिकेटर काकांकडे नेला. त्यांनी आधी खिशातला एक साधा चुंबक काढला आणि हुकाच्या आडव्या चौकोनी पाइपवरून हळूहळू सरकवला. दोन्ही टोकांकडे तो घट्ट चिकटत होता, पण मध्यभागाजवळच्या दोन पट्ट्यांवर त्याची पकड सुटत होती. लोखंडावर पत्राकामाची लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली की चुंबक असाच वागतो, कारण मध्ये लांबीचा थर असतो. काकांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून रंग काढला तेव्हा त्या पट्ट्यांखाली दोन वेल्डिंग दिसली. हा हूक स्कॉर्पिओचा नव्हताच. कोणत्या तरी अरुंद गाडीचा पाइप मधोमध कापून त्यात सुमारे अकरा सेंटिमीटरचा तुकडा जोडला होता, वेल्डिंग वरून घासून सपाट केले होते, खड्डे लांबीने बुजवले होते आणि वर काळा रंग मारला होता. असा पाइप वाढवायचाच असेल तर आतून दुसऱ्या पाइपचा आधार घालावा लागतो. येथे आत काहीच नव्हते आणि वेल्डिंग पाइपच्या जाडीत पूर्ण उतरलेलेही नव्हते.

मग त्यांनी डाय पेनिट्रंटचा प्रयोग केला. वेल्डिंगच्या कामात ही नेहमीची चाचणी आहे: भाग स्वच्छ करायचा, लाल द्रव फवारून थोडा वेळ थांबायचे, वरचा द्रव पुसून टाकायचा आणि पांढरे डेव्हलपर मारायचे, भेगेत शिरलेला लाल द्रव मग पांढऱ्यावर उमटतो. एका सांध्यावर भेग आधीच उघडी पडली होती, ते डोळ्यांनाही दिसत होते. परंतु दुसऱ्या, अखंड वाटणाऱ्या सांध्याच्या खालच्या अंगाला चार सेंटिमीटरची लाल रेघ उमटली, ती पाहून माझ्या पायांतले बळ गेले. भेग खालीच का, हेही काकांनी समजावले. पाइप दोन्ही टोकांना चेसिसला धरलेला असतो आणि ट्रेलरच्या तोंडाचा भार मध्यावर खाली दाबतो, त्यामुळे पाइपची खालची बाजू ताणली जाते आणि ताण सर्वांत जास्त मध्यावरच असतो. जोड नेमका तेथेच होता. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर येतो असे धरले तर माझ्या बाबतीत तो सत्तर किलो होतो. दोन पोरांचे वजन त्याहून अधिक होते, तरी हूक टिकला, कारण एकदा उभे राहणे निराळे आणि प्रत्येक खड्ड्यागणिक दणके खाणे निराळे. त्या नाचाने काहीच सिद्ध झाले नव्हते.

बाकीचे दोषही तेथेच उघड झाले. हुकाचा गोळा, ज्यावर ट्रेलरच्या तोंडाची वाटी बसते, व्हर्नियरने मोजला तर ४७.६ मिलिमीटर निघाला. माझ्या ट्रेलरची वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्याची आहे, म्हणजे पाइप वाकताच वाटी सुटणे ठरलेलेच होते. सहा बोल्टपैकी दोघांच्याच डोक्यावर ८.८ हा आकडा होता, उरलेले चार कोरे होते. त्यातला पहिला आठ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कल इतकी ताणशक्ती. बाजारातील साध्या ४.६ च्या बोल्टची ती त्याच्या निम्मी असते, आणि कोऱ्या डोक्याच्या बोल्टबद्दल तेवढीही खात्री देता येत नाही. चेसिसची मूळ छिद्रे हुकाशी जुळत नव्हती म्हणून गॅस कटरने वेडीवाकडी लांबट भोके पाडली होती. हूक फेकून देता येतो, चेसिस फेकता येत नाही. २०२८ च्या नूतनीकरणाच्या तपासणीत तो भाग मला भोवणार आहे. घरी आल्यावर फ्यूजचा डबा उघडून पाहिला, तर मागच्या दिव्यांच्या लाल १० अँपिअर फ्यूजच्या जागी हिरवा ३० अँपिअरचा होता. ट्रेलरचे दिवे जोडल्यावर फ्यूज उडत असणार, तेव्हा कारण शोधण्याऐवजी मोठा फ्यूज घातला गेला. अशा वेळी फ्यूजच्या आधी वायर जळते.

त्या रात्री मी विक्रेत्याने पाठवलेला गाडीचा तो क्रमांक वाहन नोंदणी दाखवणाऱ्या सरकारी एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला. तो एका छोट्या हॅचबॅकचा निघाला. बँकेचा उतारा पाहिला तर विक्रेत्याला पाठवलेले साडेसात हजार आणि गॅरेजच्या क्यूआर कोडवर भरलेले पाच हजार एकाच नावाच्या खात्यात जमा झाले होते. पैसे भरताना ते नाव पडद्यावर दोन्ही वेळा आले असणार; मी रक्कम तेवढी वाचली.

जाब विचारल्यावर विक्रेता म्हणाला की हूक चांगला होता, बसवणाऱ्याने बिघडवला. गॅरेजवाला म्हणाला की वस्तू तुम्ही आणली, आम्ही फक्त बसवली. खाते एकच कसे, या प्रश्नावर दोघांनीही फोन घेणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि एका वकील मित्राच्या सल्ल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी केली. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मित्राने हेही स्पष्ट केले की अ‍ॅपवर एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी व्यक्तीला ‘व्यापारी’ ठरवणे कठीण जाते, पण पैसे घेऊन काम करणारे गॅरेज सेवेतील त्रुटीसाठी उत्तरदायी असते. बिल नसले तरी यूपीआयची नोंद आणि संदेश उपयोगी पडतात. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा अर्ज पोलीस ठाण्यातही दिला आहे.

माझीही बाजू अगदी स्वच्छ नाही, तेही लिहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही आणि रस्त्यावर ओढायच्या ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते. मी यातले काहीच आधी पाहिले नव्हते, आणि मोरीपुलावर त्या बाईला इजा झाली असती तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता. जुना हूक घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर तो रंग काढलेल्या अवस्थेतच विकत घ्यावा, आणि विकणाऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या वेल्डरला तो गाडीला लागण्याआधी दाखवावा. विकणारा नकार देत असेल तर सौदा तेथेच सोडावा. काकांनी तपासणीचे हे काम माझ्यासाठी तीनशे रुपयांत केले.

गॅरेजवाल्याला नोटीस पाठवल्यानंतर आठवड्याने त्याचा निरोप आला की सहा हजार परत करतो, प्रकरण मिटवा. अट एवढीच की हूक आणि बोल्ट आणून द्यायचे. हूक शेतातल्या खोलीत गोणपाटात बांधून ठेवला आहे, बोल्ट वेगळ्या डब्यात आहेत आणि लाल रेघेचे छायाचित्र तारखेसह काकांच्या सहीने जपून ठेवले आहे. हूक मी दिलेला नाही.