वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेच्या साइटचा रिव्ह्यू: नकाशा नंतर बघा, आधी प्रश्न वाचा

आधी या साइटपर्यंत मी कशी पोचले ते सांगते, त्याशिवाय तिचं एवढं कौतुक का करतेय ते कळणार नाही. आमची टीम पाच-सहा देशांत विखुरलेली आहे, भेट होते ती व्हिडिओ कॉलवरच, आणि एकदा कुणीतरी ग्रुपवर एक ऑनलाइन टेस्ट टाकली, एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्या म्हणजे तुम्ही राजकारणात डावे की उजवे ते कळेल. सगळ्यांनी हौसेने भरली आणि निकाल बघून निम्मी टीम वैतागली. ब्रिटनची सहकारी कायम कॉन्झर्व्हेटिव्ह या उजव्या पक्षाला मत देत आलीये, तिला टेस्टने थेट डावीकडे नेऊन बसवलं, का तर उपचारांचा खर्च सरकारने करावा असं तिने लिहिलं म्हणून. अहो पण त्यांच्याकडे एनएचएस, म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी आरोग्यसेवा, १९४८ पासून आहे, त्यानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची कितीतरी सरकारं येऊन गेली, एकानेही ती मोडीत काढली नाही. तिच्या देशात हे मत डावं-उजवं नाहीच, ते सगळ्यांचंच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या सहकाऱ्याचं तर अजूनच विचित्र झालं. बंदुकांवर कडक कायदा हवा म्हणाला, टेस्टने केलं त्याला डावा. पण १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला गोळीबारात ३५ माणसं मारली गेल्यावर तिथला कायदा ज्यांनी कडक केला ते जॉन हॉवर्ड उजव्या बाजूच्या सरकारचे पंतप्रधान होते, आणि त्यांच्या पक्षाचं नाव लिबरल पार्टी. अमेरिकेत लिबरल म्हटलं की माणूस डावीकडचा समजतात, ऑस्ट्रेलियात तोच शब्द उजव्या पक्षाच्या नावात. रंगाचंही तेच, अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन, तिथला उजवा पक्ष, आणि बाकी बऱ्याच जगात लाल म्हणजे डावे. त्या टेस्टचं नाव इथे देत नाही, पण ती एकाच देशाच्या मापाने शिवलेली आणि सगळ्यांच्या अंगात घालायला दिलेली होती, आणि याचा मला खरंच राग आला कारण माणसं असले निकाल मनावर घेतात, दोन दिवस आमच्या ग्रुपवर लोक एकमेकांशी जरा जपून बोलत होते.

मग शोधत शोधत वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेच्या साइटवर आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, देशोदेशीच्या लोकांना काय महत्त्वाचं वाटतं ते विचारणाऱ्या पाहणीचं हे काम १९८१ पासून चालू आहे, रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने ते वाढवलं (ते २०२१ मध्ये गेले), साधारण पाच वर्षांनी एक फेरी होते आणि सातवी फेरी २०१७ ते २०२२ अशी चालली. बहुतेक देशांत निदान १२०० माणसं निवडतात, बहुतेक ठिकाणी घरी जाऊन समोरासमोर बसून प्रश्न विचारतात, जवळपास ३०० प्रश्न असतात आणि ते शक्यतो सगळीकडे तेच ठेवतात. आकडे सगळ्यांना फुकट बघता येतात. ऑनलाइन अ‍ॅनालिसिस म्हणून भाग आहे तिथे फेरी निवडायची, देश निवडायचे, प्रश्न निवडायचा, की टक्केवारी समोर. वय, शिक्षण, बाई-पुरुष अशी फोडही करता येते. सगळा डेटा उतरवून घ्यायचा तर एक फॉर्म भरायला लागतो, एवढंच.

दिसायला साइट साधीच आहे, पानं आकड्यांनी भरलेली, अ‍ॅपसारखं गुळगुळीत काही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

आता खरी गोष्ट. या सर्व्हेत एक प्रश्न आहे, मुलांना घरी काय शिकवावं, ११ गुणांची यादी देतात आणि त्यातले जास्तीत जास्त पाच निवडायचे. चांगली वागणूक, स्वतंत्र वृत्ती, कष्टाळूपणा, जबाबदारीची जाणीव, कल्पनाशक्ती, दुसऱ्याला समजून घेऊन मान देणं, काटकसर, चिकाटी, धार्मिक श्रद्धा, स्वार्थी नसणं, आणि आज्ञाधारकपणा. आम्ही एका शुक्रवारी कॉलवर तो सगळ्यांनी सोडवला, आधी कागदावर लिहायचं आणि मग एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचं. नायजेरियाच्या सहकारीच्या कागदावर आज्ञाधारकपणा पहिला होता, नॉर्वेच्या सहकाऱ्याच्या कागदावर स्वतंत्र वृत्ती पहिली आणि आज्ञाधारकपणा कुठेच नाही, आणि सगळ्यांच्या नजरा जपानच्या सहकारीकडे, कारण जपानी माणूस म्हणजे शिस्त, मोठ्यांचं ऐकणं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. तिच्या पाचात आज्ञाधारकपणा नव्हता. मग साइट उघडून बघितलं तर जपानमध्ये हा गुण निवडणारे अगदी थोडे, जगात सगळ्यात कमी निवडणाऱ्या देशांत त्यांचा नंबर. ती म्हणाली, सांगितलं म्हणून करणं वेगळं आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून आपणहून नीट वागणं वेगळं, आमच्याकडे मुलांना दुसरं शिकवतात. आणि नायजेरियाची सहकारी म्हणाली की ती सहा भावंडांत वाढली, आई दिवसभर बाहेर, मोठ्या बहिणीचं ऐकलं नसतं तर घर चाललंच नसतं, तिच्यासाठी त्या शब्दात भीती नाही, एकमेकांना सांभाळणं आहे. त्या डाव्या-उजव्या टेस्टने दोन दिवसांत जे बिघडवलं होतं ते या एका प्रश्नाने अर्ध्या तासात सावरलं.

म्हणून माझा सल्ला आहे की साइटवर गेल्या गेल्या तो प्रसिद्ध नकाशा उघडू नका. नकाशा म्हणजे इंगलहार्ट आणि ख्रिश्चन वेल्झेल यांनी केलेला, दोन अक्षांचा, वर-खाली परंपरा विरुद्ध धर्मापासून सुटलेला विचार, डावीकडून उजवीकडे पोटापाण्याची-सुरक्षिततेची काळजी विरुद्ध स्वतःला मोकळेपणी व्यक्त करणं. स्वीडन वर उजव्या कोपऱ्यात, जपानही बराच वर, आणि अमेरिका तिच्याइतक्याच श्रीमंत देशांच्या मानाने खाली, परंपरेच्या बाजूला. बघायला भारी आहे आणि सोशल मीडियावर तोच फिरतो, पण एका देशाचा एक ठिपका बघितला की त्या ठिपक्याच्या आत किती प्रकारची माणसं आहेत ते दिसतच नाही, आणि एकदा ठिपका डोक्यात बसला की समोरच्या माणसाकडे तुम्ही ठिपका म्हणूनच बघायला लागता.

प्रश्न वाचायची सवय लागली की काय काय कळतं बघा. सगळ्यात गाजलेला प्रश्न विश्वासाचा, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं. नॉर्वेत दहातले सात जण विश्वास ठेवता येतो म्हणतात, कोलंबिया, फिलिपिन्स, झिम्बाब्वे इथे दहात एकही धड म्हणत नाही. आमचा नॉर्वेचा सहकारी सहज सांगून गेला की तिकडे प्रत्येकाचं उत्पन्न आणि भरलेला टॅक्स तिथल्या कुणालाही लॉगइन करून ऑनलाइन बघता येतो, फक्त २०१४ पासून कुणी बघितलं ते त्या माणसाला कळतं, आणि त्याला यात सांगण्यासारखंही काही वाटत नव्हतं, बाकी आम्ही सगळे तोंडाचा आ करून ऐकत होतो. पण चीनमध्येही निम्म्याहून जास्त लोक विश्वास ठेवता येतो म्हणतात, मग चीन आणि नॉर्वे सारखे का? इथेच 'बहुतेक लोक' या दोन शब्दांवर थांबायला लागतं. डोळ्यासमोर कोण येतं, रस्त्यावरचा अनोळखी माणूस की आपल्या ओळखीपाळखीतले? सर्व्हेवाल्यांनी स्वतःच २००५ पासूनच्या फेऱ्यांत वेगळे प्रश्न घातले, घरच्यांवर किती, शेजाऱ्यांवर किती, पहिल्यांदाच भेटलेल्यावर किती, दुसऱ्या धर्माच्या माणसावर किती, दुसऱ्या देशाच्या माणसावर किती, आणि ते बघितले की चीनमधल्या विश्वासाचं वर्तुळ नॉर्वेच्या मानाने लहान निघतं. मला या साइटचं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, आपल्याच प्रश्नात खोट असेल असं मानून त्यांनी पुढचे प्रश्न तयार केले.

लोकशाहीचंही तसंच. लोकशाही असलेल्या देशात राहणं किती महत्त्वाचं, १० पैकी मार्क द्या, तर जवळपास सगळीकडचे लोक भरभरून मार्क देतात. मग दुसरा प्रश्न उघडा, लोकशाहीत कुठली गोष्ट आवश्यक आहे. त्यात मोकळ्या निवडणुका आहेत, श्रीमंतांवर कर लावून गरिबांना मदत आहे, आणि लोकांनी राज्यकर्त्यांचं ऐकावं, सरकार नालायक निघालं तर लष्कराने ताबा घ्यावा, धर्मगुरूंनी कायद्याचा अर्थ लावावा हे पर्यायही ठेवलेत. आता इथे देशादेशांची उत्तरं फाकतात. एकच शब्द, तेवढेच मार्क, आणि आतला माल वेगळा.

देशासाठी लढाल का या प्रश्नावर जपान अगदी तळाला आणि व्हिएतनाममध्ये दहातले नऊहून जास्त हो म्हणतात, दोन्हीमागे त्यांची विसाव्या शतकातली युद्धं उभी आहेत.

कमी काय आहे तेही सांगते. पहिलं म्हणजे सातवी फेरी पाच वर्षं चालल्यामुळे एका देशाचं उत्तर कोरोनाआधीचं आणि दुसऱ्याचं नंतरचं असू शकतं, शेजारी ठेवण्याआधी वर्ष बघाच. दुसरं, काही देशांत काही प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि जिथे सरकारची भीती असते तिथे दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण किती खरं सांगणार. तिसरं, मोठ्या कामात चुका होतात. २०१३ मध्ये एक नकाशा इंटरनेटवर खूप फिरला, वेगळ्या वंशाचा शेजारी कुणाला नको यावरून देश रंगवलेले, त्यात हाँगकाँग एकदम वाईट दिसत होतं आणि नंतर कळलं की तिथल्या आकड्यांत हो आणि नाहीची अदलाबदल झाली होती. चूक दुरुस्त झाली, पण नकाशा तोपर्यंत जगभर जाऊन आला होता.

अजून एक, एका फेरीवरून कुठल्याही देशाचा स्वभाव ठरवू नका. आयर्लंड बघा, १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यायचं सार्वमत जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकाने पास झालं, आणि त्याच देशाने २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला साधारण ६२ टक्क्यांनी आणि २०१८ मध्ये गर्भपातावरची बंदी उठवायला साधारण ६६ टक्क्यांनी होकार दिला. मत देणारे बरेचसे तेच होते. आणि डाव्या-उजव्याचं म्हणाल तर पोलंडमध्ये चर्चच्या जवळच्या, परंपरावादी पक्षाच्या सरकारने २०१६ मध्ये मुलांसाठी महिन्याला ५०० झ्लॉटी (तिथलं चलन) थेट घरी द्यायला सुरुवात केली, त्याला आमच्या त्या टेस्टने कुठे बसवलं असतं?

मार्क द्यायचे तर ५ पैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो नवीन माणसाला कुठून सुरू करावं ते साइट फारसं सांगत नाही म्हणून. शिक्षक, पत्रकार, परदेशी लोकांबरोबर काम करणारे, परदेशात शिकायला निघालेले, सगळ्यांनी बघावी. बऱ्याच देशांत वापरलेल्या प्रश्नावल्या तिथल्या भाषेत डाउनलोड करता येतात, भाषा येत असेल तर त्या जरूर उघडा, आमच्या जपानच्या सहकारीने तिची प्रश्नावली उघडून आज्ञाधारकपणासाठी नेमका कुठला शब्द वापरलाय ते आम्हाला समजावून सांगितलं त्यात अजून एक तास गेला. आठव्या फेरीचे आकडे आले की पुन्हा तेच ११ गुण घेऊन बसायचं ठरलंय, जुने कागद मी जपून ठेवलेत.