बीईईचं स्टार लेबल आणि त्यांचं अॅप : चांदण्या कमी बघा, खालचे आकडे जास्त बघा

एसीचा रिव्ह्यू सगळे लिहितात, फ्रीजचा लिहितात, पण त्यावर जो स्टारवाला कागद चिकटवलेला असतो त्याचा कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितेय. यंदा आमच्याकडे एकामागोमाग एक सगळंच बदलायला निघालं, एसी, फ्रीज, पंखे, आईच्या बाथरूमचा गीझर, आणि प्रत्येक दुकानात तो कागद पुढे करूनच जास्तीचे पैसे मागितले. "मॅडम फाइव्ह स्टार घ्या, बिल अर्ध्यावर येईल." कशाच्या अर्ध्यावर, कुणाच्या बिलाच्या, हे विचारलं की समोरचा मुलगा ईएमआयचा विषय काढतो. त्याची पण चूक नाही म्हणा, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

तर हा कागद काढतं बीईई, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालची संस्था, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून निघाली आणि मार्च २००२ मध्ये सुरू झाली. स्टार लेबल २००६ मध्ये आलं, तेव्हा कंपनीच्या मर्जीवर होतं, मग २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट फ्री फ्रीजला सक्तीचं झालं. हळूहळू टीव्ही, गीझर, एलईडी बल्ब असं करत यादी वाढली. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जो ट्रान्सफॉर्मर असतो ना, त्यालासुद्धा स्टारचा नियम आहे, हे मला आत्ता कळलं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून भांडण झालंय. स्टार म्हणजे क्वालिटी नव्हे. कॉइल तांब्याची आहे का, आवाज किती करतो, सर्व्हिसवाला फोन उचलतो का, यातलं काहीही त्या चांदण्यांमध्ये नाही. तिथे फक्त विजेचा हिशोब आहे.

आणि तो हिशोब मला मनापासून आवडला, फक्त तो नुसत्या चांदण्या मोजून कळत नाही, खाली बारीक अक्षरात आहे. एसीच्या लेबलवर वर्षाला किती युनिट जळतील तो आकडा असतो, आयएसईईआर (खाल्लेल्या विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो तो आकडा, जितका मोठा तितकं चांगलं) असतो आणि लेबल कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालतं ते पण असतं. वर्षाचा आकडा काढताना त्यांनी धरलंय की एसी वर्षात १६०० तास चालेल. म्हणजे रोज ८ तास लावला तर २०० दिवस. आता चंद्रपूरच्या माझ्या मावशीकडे हे पटण्यासारखं आहे, तिथे मार्चपासून जून संपेपर्यंत एसी दुपारी पण आणि रात्री पण, ऑक्टोबर हीटमध्ये परत. पण पुण्यात आम्ही लावतो तो एप्रिल-मे मध्ये रात्रीचा, फार तर ४०० तास धरा. दीड टनाच्या थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये लेबलवर साधारण दोन-सव्वादोनशे युनिटचा फरक दिसतो, पण तो १६०० तासांचा. माझ्या ४०० तासांना त्याचा चौथा भाग, म्हणजे पन्नास-पंचावन्न युनिट. वरच्या स्लॅबचा दर सगळं मिळून १५ रुपये धरला तरी वर्षाला आठशे रुपये, आणि दुकानदार फाइव्ह स्टारचे जास्तीचे मागत होता आठ-साडेआठ हजार. दहा वर्षं! तोपर्यंत एसी टिकला तर. मी थ्री स्टार घेतला, मावशीला मात्र फोन करून फाइव्ह स्टारच घ्यायला लावला, तिचे तेच पैसे दोन-तीन उन्हाळ्यांत वसूल होतात. एकच कागद, एकच आकडा, पण पुण्यात उत्तर वेगळं आणि चंद्रपुरात वेगळं, आणि हे दुकानात एकानेही सांगितलं नाही.

महावितरणवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. आपलं बिल स्लॅबचं आहे, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्याच्या वर, आणि वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या म्हणजे सगळ्यात महागड्या स्लॅबमधून कमी होतं. वरून १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे एकूण बिलाला युनिटने भागून जो सरासरी दर येतो तो इथे धरू नका, वरच्या स्लॅबचाच धरा.

पंख्याकडे येते, कारण खरा फायदा तिथे आहे आणि पंखा घेताना स्टार कोणीच विचारत नाही. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे. नवीन फाइव्ह स्टार बीएलडीसी (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० वॅटच्या आसपास. फरक ४५ वॅट, दिसायला काहीच नाही, पण पंखा एसीसारखा दोन महिने चालत नाही ना, तो दिवसाला १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालतो, गुणाकार करा, एका पंख्यामागे १६० युनिट! मी एसीमध्ये आठ हजार जास्तीचे टाकून पन्नास युनिट वाचवणार होते आणि इथे दीड हजार जास्तीचे टाकून १६० वाचतायत. वर्षभरात पैसे परत. पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं १ जानेवारी २०२३ पासून, त्याआधी कितीतरी वर्षं ते ऐच्छिक होतं, म्हणजे कंपनीला वाटलं तर लावायचं. देशात घरोघरी असलेली वस्तू आणि तिला एवढा उशीर, एसीला तेरा वर्षं आधी. इथे मी बीईईचे मार्क कापते. आपल्या पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटाने कमी विजेच्या पंख्यांसाठी किती आधीपासून लावून धरलं होतं, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी बीईईने त्यासाठी खास कार्यक्रम पण आखला होता. सक्ती व्हायला मात्र २०२३ उजाडलं.

पंख्याच्या लेबलवर सर्व्हिस व्हॅल्यू असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ सोपा आहे, एका वॅटमध्ये मिनिटाला किती हवा फेकतो. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. पण हे मोजलेलं असतं फुल स्पीडला. कमी स्पीडवर बीएलडीसीची वीज अजून बरीच खाली येते आणि तो फायदा लेबलवर दिसत नाही, जुन्या डबड्या रेग्युलेटरवर मात्र पंखा हळू केला तरी बरीचशी वीज रेग्युलेटर गरम करण्यात जाते. बाबांची "दोनवर ठेवलाय, बिल कमी येईल" ही थिअरी त्या डबड्याबरोबर तरी फारशी खरी नव्हती. (त्यांना अजून पटलेलं नाही. रिमोट पण आवडलेला नाही, रोज हरवतो.)

गीझरचा स्टार तर सगळ्यात गैरसमजाचा. पाणी तापवायला किती वीज लागते ते तो मोजतच नाही, कारण तेवढं पाणी तेवढं तापवायला जी वीज लागायची ती लागणारच, स्टार कितीही असोत. तो मोजतो की तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर चोवीस तासांत किती उष्णता निसटते, म्हणजे थोडक्यात टाकीचं इन्सुलेशन. मग तुम्ही आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावून लगेच बंद करणारे असाल तर फाइव्ह स्टारला जास्त पैसे देऊन उपयोग जवळजवळ शून्य. आमच्याकडे आई लावते आणि विसरते, दुपारी बाराला लक्षात येतं, त्यामुळे आम्ही फाइव्ह स्टार घेतला. स्वभाव बघून गीझर घ्या.

फ्रीजच्या बाबतीत एवढंच की स्टार हे त्या साइजच्या हिशोबात दिलेले असतात. मोठ्या डबल डोअरला चार स्टार असले तरी तो छोट्या दोन स्टारवाल्यापेक्षा जास्त युनिट खाऊ शकतो. वर्षाच्या युनिटचे दोन आकडे घ्या आणि वजाबाकी करा. फ्रीज चोवीस तास चालू असतो, इथे १६०० तासांची भानगड नाही, त्यामुळे जो आकडा दिसतो तो बऱ्यापैकी तुमच्या घराला लागू पडतो.

आता तारखेचं. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि ही मला या संस्थेची सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. २०१८ मध्ये आयएसईईआर ४.५० असला की एसीला पाच स्टार, जुलै २०२२ पासून त्यालाच ५.०० लागायला लागले, म्हणजे ४.६ वाला कालचा फाइव्ह स्टार एका रात्रीत फोर स्टार. जानेवारी २०२६ पासून पुन्हा वरची पातळी वाढवली. कंपन्यांना सतत पळत ठेवायचं, नाहीतर सगळेच फाइव्ह स्टार लावून मोकळे आणि लेबलला अर्थ उरायचा नाही. पण याचाच फायदा दुकानदार उचलतात. एका मोठ्या शोरूममध्ये (नाव घेत नाही) मला ज्या फाइव्ह स्टारवर "आजच्या आज डिस्काउंट" होता त्याच्या लेबलची मुदत कधीच संपलेली, नवीन निकषांत तो एक स्टार खाली. तारखेवर बोट ठेवल्यावर "मॅडम ते प्रिंटिंगचं असतं" म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. जुना स्टॉक घेऊ नका असं नाही, स्वस्त असेल तर जरूर घ्या, फक्त किंमत फोर स्टारची द्या.

अॅपबद्दल. बीईई स्टार लेबल नावानेच आहे, फुकट आहे. कंपनी आणि मॉडेल टाकलं की रजिस्टर झालेले आकडे दिसतात, शेजारी-शेजारी तुलना करता येते, लेबल खरं आहे का तपासता येतं. माहिती पक्की, पण वापरायला कटकट. मॉडेल नंबर बरोब्बर टाकावा लागतो, आणि कंपन्या मॉडेल नंबर असे देतात की गाडीच्या चासीचा नंबर बरा. आणि मराठी नाही. लेबलवर पण नाही. ज्या कागदावर अख्ख्या देशाने खरेदी करावी अशी अपेक्षा आहे तो इंग्रजीत आणि तोही इंजिनिअरच्या इंग्रजीत, आयएसईईआर वाचून माझ्या आईने काय समजायचं? आपल्या राज्यात बीईईचं काम बघते महाऊर्जा, पुण्यातच आहे, १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाच्या आसपास त्यांचे कार्यक्रम होतात, पण दुकानात उभं असताना हातात धरता येईल असा एक साधा मराठी तक्ता मला कुठल्याच काउंटरवर दिसला नाही.

आकडे खरे असतात का, हा प्रश्न नवऱ्याने विचारला म्हणून सांगते. कंपनी मान्यताप्राप्त लॅबमध्ये टेस्ट करून घेते, कागदपत्रं देते, मग लेबल मिळतं. नंतर बीईई बाजारातून नग उचलून स्वतंत्र लॅबमध्ये तपासते. पद्धत बरी आहे. लॅबमधल्या आणि घरातल्या एसीत फरक राहणारच, तुमची भिंत पश्चिमेची आहे का, जाळ्या धुता का, हे लॅबला माहीत नसतं. मुंबई-कोकणातला दमटपणा पण त्या आकड्यात वेगळा दिसत नाही, हिशोब बाहेरच्या तापमानावरच बेतलेला आहे, त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाने थोडं मार्जिन धरावं.

बाकी या संस्थेच्या नावाने व्हॉट्सॅपवर जे फिरतं त्यातलं २४ अंशांचं एक खरं आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले रूम एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर लागले पाहिजेत असा नियम आहे. तुम्ही खाली आणू शकता, कोणी पकडत नाही. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसी २० ते २८ च्याच मध्ये चालतील असं करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा मात्र ग्रुपवर गदारोळ, "आता आमच्या बेडरूममध्ये पण सरकार". मला २४ ची आयडिया जास्त आवडते. कोणाला अडवलं नाही, फक्त सुरुवात कुठून करायची ते बदललं, आणि आळशी माणूस (मी) तिथेच राहतो. बीईई म्हणतं एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती, विक्रम होता तो, ऐन उन्हाळ्यातला, त्यामुळे हे १६ वर एसी लावून दुलई घेण्याचे लाड किती दिवस चालतील कोणास ठाऊक.

मार्क द्यायचेच तर लेबलला पाचपैकी चार, अॅपला अडीच. दुकानात जाताना एवढं करा, घरातलं मागच्या मे महिन्याचं बिल फोनमध्ये फोटो काढून न्या, स्लॅब कुठला लागला ते बघा, एसी वर्षात खरंच किती तास लावता ते घरच्यांना विचारा (प्रत्येकजण वेगळं सांगेल, मधलं धरा), लेबलवरच्या युनिटला १६०० ने भागून तुमच्या तासांनी गुणा. लेबलच नसेल किंवा खोटं वाटत असेल तर अॅपवर फीडबॅक टाका, आणि दुकानदार ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि बजेट थोडंच असेल तर एसी राहू दे, आधी पंखे बदला.