डेटोना यूएसएच्या जोडयंत्राला बसवलेला प्रेक्षकांचा पडदा : भुसावळच्या कारागिराच्या कामाचा अनुभव

जळगावातील आमच्या गेम पार्लरमध्ये सेगा कंपनीचे ‘डेटोना यूएसए’ हे मोटारशर्यतीचे दोन आसनांचे यंत्र आहे. 1994 साली जगभर पोहोचलेल्या या खेळाचे आमच्याकडील यंत्र जुन्या बाजारातून आलेले असले, तरी त्याच्या दोन्ही पिक्चर ट्यूब, स्टिअरिंग आणि पेडल मूळचेच आहेत. दोन आसनांसाठी दोन स्वतंत्र ‘मॉडेल 2’ बोर्ड, म्हणजे खेळ चालवणारे सेगाचे संगणक-बोर्ड, असून ते प्रकाशतंतूच्या केबलने एकमेकांशी जोडलेले आहेत, त्यामुळे शेजारी बसलेले दोघे एकाच शर्यतीत परस्परांविरुद्ध धावतात. मात्र ही शर्यत त्या दोघांनाच नीट दिसते. सुट्टीच्या दिवसांत यंत्रामागे दहा-बारा जण जमतात आणि मागच्या रांगेतल्या पोरांच्या वाट्याला केवळ पुढच्यांच्या पाठी येतात. म्हणून यंत्राच्या वर, सर्वांना दिसेल असा एक पडदा बसवून घ्यायचे मी ठरवले. ते काम भुसावळच्या एका कारागिराने केले आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

प्रेक्षकांची ही गरज खेळ बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. सेगाच्याच 1992 च्या ‘व्हर्च्युआ रेसिंग’मध्ये जोडलेल्या यंत्रांवरची शर्यत बघ्यांना दाखवणारा वेगळा लाइव्ह मॉनिटर लावता येत असे, आणि डेटोनाच्या मोठ्या डिलक्स संचांत चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचीही सोय होती. आमच्या जोडयंत्रात यांतले काहीच नाही.

यापूर्वी एका मोठ्या शहरातून बोलावलेल्या मेकॅनिकने हेच काम अर्ध्या तासात उरकले होते. त्याने डाव्या आसनाच्या बोर्डाकडून पिक्चर ट्यूबकडे जाणाऱ्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या संकेताच्या आणि सिंकच्या (चित्राचा ताल राखणाऱ्या संकेताच्या) तारा मध्येच सोलून त्यांना दुसऱ्या तारांचा पीळ दिला आणि त्या एका फलकामार्फत टीव्हीला जोडल्या. टीव्हीवर चित्र आले खरे, पण खेळणाऱ्याच्या पुढचे चित्र संध्याकाळ झाल्यासारखे काळवंडले. बोर्डाकडून निघणारा रंगाचा संकेत 75 ओहमच्या एका भारासाठी असतो. दुसरा तेवढाच भार समांतर जोडला की एकूण भार 37.5 ओहमचा होतो आणि उजेड उतरतो. हे मला भुसावळच्या कारागिराने नंतर कागदावर आकृती काढून समजावले. पैसे भरून खेळायला बसलेल्याचे चित्र बिघडवून बघ्यांची सोय करणे मला मान्य नव्हते, म्हणून ती जोडणी मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली.

भुसावळचे हे गृहस्थ पिक्चर ट्यूबच्या टीव्हींच्या काळापासून दुरुस्ती करत आले आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातातही घेतला नाही. दोन्ही बाजूंनी खेळ चालू ठेवायला सांगून ते तासभर नुसते पाहत राहिले आणि मग म्हणाले, “भाऊ, तुम्हाला शर्यत दाखवायची आहे की एका गाडीवाल्याचं चित्र दाखवायचं आहे, ते आधी ठरवा.” प्रश्न अगदी मुळाचा होता. शर्यतच दाखवायची तर तिसरा बोर्ड आणून तो प्रकाशतंतूच्या साखळीत गुंफावा लागतो आणि तो स्वतःचे चित्र रेखाटतो. पण तीस वर्षांचा बोर्ड चालू स्थितीत मिळणे कठीण. शिवाय ही साखळी वर्तुळाकार असते, म्हणजे एकाचे बाहेरचे टोक पुढच्याच्या आतल्या टोकाला, असे करत फेरा पूर्ण होतो. त्यातला एक दुवा रुसला, तर पडद्यावर ‘नेटवर्क चेकिंग’ हीच अक्षरे दिसत राहतात. केबलच्या टोकावर धूळ बसली किंवा ती आखूड वळणात दुमडली, तरी हाच प्रसंग ओढवतो. “जे चालतंय त्याच्या पोटात हात घालायचा नाही,” असे सांगून त्यांनी तो मार्ग बाजूला ठेवला, आणि त्यांचा हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

त्यांनी काम केले ते असे. दोन्ही बोर्डांच्या चित्राच्या वाटेवर त्यांनी एकेक लहान व्हिडिओ अ‍ॅम्प्लिफायर बसवला, ज्यातून दोन सारखे संकेत निघतात, एक मूळ पिक्चर ट्यूबला आणि दुसरा बाहेर. मूळ तार कुठेही कापली नाही. जुन्या जोडणीत बसतील असे प्लग दोन्ही टोकांना लावले, म्हणजे उद्या सारे काढले तरी यंत्र होते तसे राहील. आधीच्या मेकॅनिकने सोललेल्या जागीही त्यांनी नवा डाग देऊन वर नळी चढवली. बाहेर आलेले दोन संकेत एका निवड-स्विचमधून कन्व्हर्टरकडे, म्हणजे यंत्राचे चित्र टीव्हीला चालेल अशा रूपात बदलणाऱ्या डबीकडे, जातात. हा कन्व्हर्टर आवश्यकच आहे, कारण मॉडेल 2 चे चित्र 496 गुणिले 384 ठिपक्यांचे असून त्याची आडवी वारंवारता 24 किलोहर्ट्‌झच्या आसपास असते. जुन्या घरगुती टीव्हीला 15 लागतात, संगणकाच्या मॉनिटरला 31 पासून पुढे; त्यामुळे हे मधलेच चित्र दोघेही थेट स्वीकारत नाहीत. टीव्ही 43 इंची असून तो मी गोलाणी मार्केटमधून आणला. टीव्ही वगळता, सामान आणि मजुरी धरून साडेनऊ हजार रुपये लागले.

पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर एक फिकट आडवा पट्टा खालून वर सरकताना दिसू लागला. मी फोन केला तेव्हा त्यांनी कन्व्हर्टरविषयी काही न विचारता टीव्हीचा प्लग कुठे लावला आहे, एवढेच विचारले. तो समोरच्या भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटमध्ये होता आणि यंत्र स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दोहोंचे अर्थिंग एकाच जागी घेतले आणि तो पट्टा नाहीसा झाला. या फेरीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता उणिवा. या खेळाचे चित्र सेकंदाला सुमारे 57.5 वेळा बदलते आणि टीव्ही 60 वेळा, त्यामुळे वेगाच्या वळणावर वरचे चित्र मधूनच हलका हिसका देते. शिवाय ते मूळ चित्राच्या किंचित मागे असते, म्हणून खेळणाऱ्याने त्याकडे पाहून गाडी हाकू नये. सर्वांत खटकणारी गोष्ट स्विचची आहे. डाव्याकडून उजव्या गाडीवर जाताना कन्व्हर्टरला नवा संकेत पकडायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. डायनासोर कॅन्यन या ट्रॅकच्या वळणावर गाड्या एकमेकींना घासत असताना तो काळोख असह्य होतो. दोन कन्व्हर्टर आणि दोन टीव्ही घेतले असते तर ही अडचण आली नसती, आणि हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. खर्चाकडे पाहून मागे सरलो तो मी. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा कन्व्हर्टरची डबीही तापू लागली. तिच्यावर पंखा बसवण्यासाठी त्यांना पुन्हा यावे लागले आणि त्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात टीव्ही दुपारी बंद ठेवावा लागला.

तरीही पार्लरमध्ये झालेला बदल मी रोज पाहतो. सोप्या ट्रॅकवर, म्हणजे थ्री-सेव्हन स्पीडवेवर, सुरुवातीच्या रेषेजवळ तीन चाकांचे स्लॉट मशीन फिरत असते. गाडी चालवतानाच स्टार्टचे बटण दाबून तीन सात जुळवले की जादा वेळ मिळतो. ही गंमत पूर्वी नेमाने खेळणाऱ्या दोघा-तिघांनाच ठाऊक होती. आता गाड्या त्या रेषेकडे येऊ लागल्या की मागची सगळी पोरे एका सुरात “दाब, दाब” म्हणून ओरडतात. आठ फेऱ्यांची शर्यत संपेपर्यंत कोणी हलत नाही. परवा आपल्या नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी पडद्याकडे पाहत शेजारच्या मुलाला विचारले, “भाऊ, लाल गाडी कोनी शे?” ती त्यांच्या नातवाचीच होती आणि ती त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरा कन्व्हर्टर आणि उजव्या आसनासाठी वेगळा टीव्ही बसवण्याचे काम मी याच कारागिराला दिले आहे.