जुन्या पिकअपला टर्बो, की इंजिनाचंच काम?

कोकणातून चिरे भरून करूळ घाट चढताना जुनी बिनटर्बो डिझेल पिकअप दुसऱ्या गिअरवर आली, की डोक्यात टर्बो फिरायला लागतो. शिट्टीचा आवाज म्हणजे नाद खुळाच!

कल्पना सोपी आहे: सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरतं आणि इंजिनात हवा दाबून भरली जाते. अडचण जोडणीत आहे. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनातूनच दाबाचं ऑईल द्यायचं आणि ते जाड पाईपनं, सरळ उतारानं परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, आणायचं. पाईप चिंचोळा किंवा वाकडा बसला, की ऑईल सील ओलांडतं आणि मागून निळा धूर. शिवाय इंजिनाच्या डिझेल पंपातून येणारं डिझेल वाढवल्याशिवाय ताकद फारशी वाढत नाही, आणि अंदाजानं वाढवलं तर पिस्टन वितळतो. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर हवाच. नवशिके नेमका तोच वगळतात. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, पासिंगला अडकाल.

इंजिनकामात यातलं काही नाही. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, डिझेल फवारणारे नोझल आणि पंप कॅलिब्रेट करा (मापात बसवून घ्या), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. गरज पडलीच तर बोअर (झिजलेला सिलिंडर कापून नीट करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून नीट करणं) कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. ताकद मूळची तेवढीच मिळेल, जास्त नाही.

पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यानं हेच करावं. टर्बोच हवा असेल, तर ही विकून कंपनीतूनच टर्बो असलेली जुनी गाडी बघा.